कसब्याची वाट

हातखंब्याला एसटी महामार्गाला लागली तेव्हा मांडीवर मत्तयाचं शुभवर्तमान उघडं होतं. रत्नागिरीहून संगमेश्वरला निघालो होतो, पवित्र सप्ताहात. यहूदा इस्कर्योत येशूच्या बारा शिष्यांतला एक. योहान सांगतो, पैशांची पिशवी त्याच्याचकडे असे. गेथशेमाने बाग शिपायांना अंधारात सापडली, कारण गुरू तिथे नेहमी येतात हे त्याला ठाऊक होतं. गुरूला पकडून देण्यासाठी चांदीची तीस नाणी, आणि खूण म्हणून चुंबन. मला ते चुंबन नाण्यांपेक्षा भयंकर वाटतं.

बावनदी मागे पडली. संगमेश्वरला उतरून रिक्षाने कसब्याला गेलो. १ फेब्रुवारी १६८९ रोजी मोगल सरदार मुकर्रबखानाने इथेच संभाजीराजांना आणि त्यांचे विश्वासू कवी कलश यांना पकडलं. कोल्हापूरहून सह्याद्री उतरून तो अचानक आला होता. कर्णेश्वराच्या काळ्या दगडी मंदिराशी बसलेल्या आजोबांना मी खानाच्या वाटेबद्दल विचारलं. त्यांनी डोंगराकडे हात केला. "गणोजी शिर्क्यांनी दाखवली. घरचा माणूस फुटल्याशिवाय एवढी फौज इथवर येते काय हो?"

गणोजी म्हणजे संभाजीराजांच्या पत्नी येसूबाईंचे भाऊ, शिवरायांचे जावई. वतनाचा राग होता. १६८८ मध्ये शिर्के आणि कवी कलश यांच्यात लढाईही झाली होती. पण वाट त्यांनीच दाखवली याला समकालीन कागदाचा आधार नाही, असं अभ्यासक सांगतात. २०२५ साली संभाजीराजांवरचा 'छावा' चित्रपट आला तेव्हा गणोजींना फितूर दाखवल्याबद्दल शिर्के घराण्यातल्या माणसांनी जाहीर आक्षेप घेतला. मला तो रास्त वाटतो. यहूदाचं नाव तर चारही शुभवर्तमानं घेतात. तरी मत्तय त्याचा पश्चात्तापही लिहितो. नाणी मंदिरात फेकून त्याने गळफास घेतला. एवढं लिहिलेलं असूनही युरोपात शतकानुशतकं त्या एका माणसाचा राग सगळ्या यहुदी समाजावर काढला गेला. मग जिथे लिहिलेलंच नाही, तिथे आडनावालाच दोषी धरणं किती सोपं!

कसब्याहून पुढे रस्ता शृंगारपूरला जातो, प्रचितगडाच्या पायथ्याशी. शिर्क्यांचं गाव, येसूबाईंचं माहेर. १६८९ मध्येच रायगड पडला आणि येसूबाई मोगलांच्या कैदेत गेल्या. सुटल्या १७१९ साली. फितूर कोणीही असो, शिर्क्यांच्या या लेकीने त्याची किंमत तीस वर्षं मोजली. कसब्यात भेटलेल्या प्रत्येकाने मला गणोजींबद्दल सांगितलं. येसूबाईंचं नाव मलाच काढावं लागलं.