मागच्या सीटची उंची

मोटरसायकलच्या माहितीपत्रकात सीटची उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते. ती चालकाच्या सीटची. मागे बसणाऱ्याला किती उंच चढायचंय, हे सहसा कुठेच लिहिलेलं नसतं. यूट्यूबवरच्या रिव्ह्यूतही इंजिन, सायलेन्सरचा आवाज, डिस्प्ले यांवर वीस मिनिटं जातात आणि शेवटी एक वाक्य येतं, ‘पिलियनसाठी सीट ठीक आहे.’

मला गाडी दोन कामांसाठी हवी होती. एक, स्पितीची एकट्याची ट्रिप. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून डोक्यात आहे. दुसरं काम म्हणजे आई. ती साताऱ्यात राहते, माहेर पाटण तालुक्यातलं. बाबा गेल्यापासून तिचं तिकडे जाणं जवळपास थांबलंय. एसटीने पाटण, मग गावची गाडी, आणि गुडघे दुखायला लागल्यापासून एसटीची पायरीच तिला नको वाटते. कारचा हप्ता मला आत्ता झेपणारा नाही. ‘तू तुझ्यापुरती बघ, माझ्यासाठी नको अडकू,’ असं ती फोनवर तीनदा म्हणाली.

शेवटी दोन गाड्या उरल्या. हिमालयन ४५० आणि मीटिऑर ३५०. कागदावर सामना एकतर्फी होता. हिमालयनची ताकद ४० पीएस, ग्राउंड क्लिअरन्स २३० मिमी, पुढच्या-मागच्या दोन्ही सस्पेन्शनचा प्रवास २०० मिमी. मीटिऑरची ताकद साधारण त्याच्या निम्मी आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. स्पितीसाठी कुठली, हे वेगळं सांगायला नको.

मग सीटची उंची आली. हिमालयनच्या स्टँडर्ड सीटची कमीत कमी ८२५ मिमी, मीटिऑरची ७६५. फरक अडीच इंचही नाही. पण माझी उंची पाच फूट पाच इंच. एकटा असताना सिग्नलला जरा सरकून एक पाय टेकवला की काम भागतं. मागे कुणी चढताना मात्र ते माणूस डाव्या फुटरेस्टवर पाय देतं, आपल्या खांद्यावर हात ठेवतं आणि उजवा पाय पलीकडे टाकतं. तेवढे दोन-तीन सेकंद त्याचा सगळा भार डावीकडे येतो. १९६ किलोची गाडी आणि आई, हे सगळं मी एका चवड्यावर पेलायचं. मीटिऑर १९१ किलोची, म्हणजे फार हलकी नाहीच, पण तिच्यावर माझे दोन्ही तळवे जमिनीवर टेकतात.

पुढचा हिशोबही मागच्या सीटचाच. मागच्याचं वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर पडतं. स्प्रिंग दबते, पुढचं चाक हलकं होतं, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून प्रीलोड वाढवायचा. मीटिऑरच्या मागच्या शॉकअपला त्यासाठी सहा टप्पे आहेत. मागच्या टायरमध्ये हवाही थोडी जास्त. आणि मागच्याला ताकद जाणवत नाही, झटके जाणवतात. मीटिऑरचा २७ न्यूटन मीटरचा टॉर्क ४००० आरपीएमलाच मिळतो. घाटात गिअर कमी बदलावे लागतात, हेल्मेटवर हेल्मेट कमी आपटतं.

आईला शोरूमला नेलं. हिमालयनवर ती तिसऱ्या प्रयत्नात चढली आणि म्हणाली, ‘छान आहे. तुला आवडलीय ना?’ करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेताना तिचा जो स्वर असतो, तोच.

मीटिऑरवर ती पहिल्याच प्रयत्नात बसली, दोन्हीकडे पाय टाकून. पाठीमागच्या टेकूला टेकली आणि थोड्या वेळाने म्हणाली, ‘अरे, इथून पुढचं दिसतं.’

बाबांच्या मागे ती ३० वर्षं एकाच बाजूला पाय सोडून बसली. साडीतल्या या बसण्याची दखल कायद्यानेही घेतलीय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मागच्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला हवा. हाच तो साडीगार्ड. लूक बिघडतो म्हणून पोरं आधी तोच काढतात. आई म्हणाली, ‘तसं बसलं की फक्त डावीकडचं दिसतं. ब्रेक का लागला, ते लागल्यावर कळतं.’

तिथे माझं ठरलं. एकटा असताना गाडीत जे कमी आहे ते मी भरून काढू शकतो. वेग कमी करेन, खराब रस्त्यावर फुटरेस्टवर उभा राहीन, दिवसाला शंभर किलोमीटर कमी जाईन. मागच्याच्या हातात यातलं काहीच नसतं. ब्रेक नाही, क्लच नाही, कुठे थांबायचं हा निर्णयही नाही. म्हणून दोघांची गाडी घेताना पहिलं मत मागच्याचं. स्पितीला मीटिऑरवरूनही जाता येईल, जरा सावकाश.

साडीगार्ड मी ठेवलाय. आईने हेल्मेटसाठी अंबाडा सोडून वेणी घातली, ओढणीला पिना लावल्या. उंब्रजला हायवे सोडून मल्हारपेठकडे वळलो, तोच खांद्यावर थाप पडली. ‘पुढे खड्डा आहे, बघितलास ना?’

आता प्रत्येक खड्ड्याला सांगते. बाबांना ३० वर्षांत तिला एकदाही सांगता आलं नव्हतं.