भंगाराचा कोपरा

हडपसरच्या औद्योगिक वसाहतींत माझा एक लहानसा कारखाना आहे. त्याच्या मागल्या दारापाशीं एक कोपरा होता. लेथवरून निघणारा पोलादाचा कीस, पितळेचा भुगा, ॲल्युमिनियमचीं चकचकीत वेटोळीं, तेलकट फडकीं आणि चहाचे कागदी पेले, हें सारें तेथें गुण्यागोविंदानें नांदत असे. महिन्याकाठीं भंगारवाला येई, नाक मुरडून ढिगाकडे पाही आणि सरसकट लोखंडाच्या भावानें तो उचलून नेई. ते पैसे खिशांत टाकतांना आपण व्यापारांत मुरलों आहों, अशी माझी प्रामाणिक समजूत असे.

ही समजूत एका बाईनें घालविली. फेकलेले पुठ्ठे न्यावयास ती रोज सकाळीं येई. एके दिवशीं पाहतों तों ती ढिगाशेजारीं बसून पिवळें एकीकडे व पांढरें दुसरीकडे करीत आहे!

"मावशी, हें काय आरंभलेंत?"

"सायेब, पितळ लोखंडाच्या भावानं घालवता, अन् दिवा जळता राह्यला की पोरांवर वरडता!"

मी ओशाळलों. त्याच आठवड्यांत तीन पिंपें आणून प्रत्येकावर धातूचें नांव रंगविलें. तळाला जाळी बसवून किसांतलें तेल निथळूं दिलें. गाळून तें पुन्हां यंत्रालाच मिळूं लागलें. पहिल्या महिन्याची पावती वाचतांना मीं दोनदां चष्मा पुसला.

मिसळण्यानें केवळ भाव पडत नाहीं, माल बिघडतो, हें मला तेव्हां कळलें. पितळेंतलें तांबें पोलादाच्या रसांत एकदां उतरलें कीं भट्टींत जाळून तें काढतां येत नाहीं, आणि तसलें पोलाद तापवून लाटतांना चिरतें. ॲल्युमिनियमची गोष्ट तर याहून नवलाची आहे. खनिजापासून तें नव्यानें करण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारें ५ टक्क्यांत जुनें वितळून हातीं येतें. असली संपत्ति मीं वर्षानुवर्षें चहाच्या पेल्यांखालीं पुरीत होतों.

बचतीची एकदां गोडी लागली म्हणजे माणूस थांबत नाहीं. खोकीं पुरविणारा व्यापारी वापरलेलीं खोकीं परत घेण्यास कबूल झाला आणि मीं तत्काळ होकार दिला. दुसऱ्या सकाळीं मावशी आली. पिंपें पाहिलीं, झाडलेला कोपरा पाहिला, रिकामें पोतें खांद्यावर टाकलें आणि कांहीं न बोलतां निघून गेली.

पुण्यांत अशा कष्टकऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ सालीं उभी राहिली. तिच्यांतूनच निघालेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा उचलूं लागली. हें मला वाचून ठाऊक होतें. पण माझ्या फाटकांतल्या पुठ्ठ्यांशीं त्याचा कांहीं संबंध असेल, असें वाटलें नव्हतें. आमच्याच सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गांवांनीं साऱ्या शहराचा कचरा वर्षानुवर्षें सोसला. मावशीच्या पोत्यांतून गेलेलें तेवढें तरी त्या डोंगरावर चढलें नाहीं. ती माझ्याकडून एक पैही मागत नव्हती, म्हणून तिचें काम माझ्या वहींत कधीं उमटलेंच नाहीं.

व्यापाऱ्याला मीं नकार कळविला. मावशी पुन्हां येऊं लागली आहे. मात्र पहिल्यासारखी ती बोलत नाहीं. महिनाअखेर हिशेबनीस चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारतो, "साहेब, हे पुठ्ठे कोणत्या खात्यांत घालूं? दानधर्म?"

मीं तो शब्द खोडावयास लावला आहे. दुसरा अजून सांपडला नाहीं.