गुळवेलीस अनावृत पत्र

प्रिय गुळवेल,

अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत आपल्या जिल्ह्यात बांधावरच्या कडुनिंबावर तू चढलेली दिसतेस. लिंबावरची असलीस तर तुझा मान जास्त. ताप हटेना की तुझी बोटभर कांडी ठेचायची, उकळायची, पाणी निम्मं आटलं की गाळून द्यायचं. या मानाला धक्का लावायला मी लिहीत नाही.

पण करोनात तापापुरती येणारी तू रोज सकाळची झालीस, कित्येक घरांत महिनोन्महिने. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सहाही जण गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की वनस्पती नेमकी तूच होतीस हे तपासलेलं नाही. हरकत रास्त होती. तरी २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून असे ४३ रुग्ण नोंदले गेले, तेव्हा विषय झटकून टाकता येत नाही.

मला जास्त काळजी तुझ्या जोडीला येणाऱ्या गोळीची वाटते. अंगात कणकण असली की माणूस काढाही पितो आणि मेडिकलमधून पॅरासिटामॉलही आणतो. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे ३,९०० मिलिग्रॅम; धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,०००. सर्दीच्या गोळीतही बहुधा तेच औषध असतं, ते कोणी मोजत नाही. यकृत आधीच दुखावलेलं असेल, तर मर्यादेच्या आतली मात्राही जड जाऊ शकते. मग कावीळ झाली, तर ती कशाने हेही उलगडत नाही.

डॉक्टर विचारतात, "काही औषध चालू आहे का?" माणूस "नाही" म्हणतो. तो लपवत नाही. तुला तो औषध समजतच नाही.

म्हणून तुझ्याबद्दल विचारणारं माणूस घराजवळचं हवं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्या बायांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. आज चुलीपर्यंत पोचतात त्या आशाताई. त्यांनी आणि मेडिकलवाल्याने "काढा चालू आहे का, किती दिवस?" एवढं विचारावं. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, तर काढा आणि गोळी दोन्ही थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायला सांगावं, आणि तिथे तुझं नाव आधी घ्यायला.

तुझ्याच जिल्ह्यातला
एक पत्रलेखक