विमानाशी स्पर्धा दादरच्या फलाटावरून

हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, अशी घोषणा झाली आणि २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतली विमाने सुरू झाली. घोषणेत समतेची भाषा आहे, म्हणूनच ती तपासली पाहिजे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ठरलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली ११२ मार्गांनी, आणि त्यानंतर टिकले फक्त ५४. सरकार तोटा भरून देते तोवर विमान उडते, असा याचा सरळ अर्थ.

आता आपल्याकडे पाहू. शीव कोळीवाड्यापासून परळ-लालबागपर्यंत कोकणातली बौद्ध कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गिरणी, गोदी, महापालिका इथे आपल्या माणसांनी हाडे झिजवली. गाव मात्र महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वरकडे. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, पण विमान काही वीर किंवा खेडला थांबत नाही. तिथे थांबते ती पॅसेंजर. ही रत्नागिरी पॅसेंजर दादरहून सुटायची. कोरोनानंतर ती दिव्याहून सुटू लागली. आमच्या वस्तीतल्या म्हातारीने आधी हार्बरने कुर्ला गाठायचे, मग बोचकी सांभाळत धीम्या लोकलच्या गर्दीत शिरून दिवा गाठायचे, आणि मग गावची गाडी!

विमानाशी स्पर्धा करायची म्हणून रेल्वेने काय केले? वंदे भारत आणली. मुंबई-मडगाव वंदे भारत २७ जून २०२३ ला सुरू झाली. चांगली गाडी आहे, आमचा विरोध नाही. पण तिला जनरल डबा नाही आणि ती वीरला थांबत नाही. रेल्वेने विमानाची नक्कल केली की ज्यांना विमान परवडते त्यांचीच सोय होते. उलट कोरोनाकाळात पॅसेंजरना एक्स्प्रेस ठरवून किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर नेले गेले. ते पूर्ववत व्हायला २०२४ उजाडले.

आमचे म्हणणे असे की पॅसेंजरची ताकद वेगात नाही. ती शहराच्या मध्यातून सुटते. तिचे भाडे सणासुदीला तिप्पट होत नाही. ती लहान गावाला थांबते, आणि तिकीट आदल्या महिन्यात काढावे लागत नाही. या चार गोष्टी विमान कधीच देऊ शकत नाही. दादर काढून घेतले की त्यातली पहिलीच जाते.

प्रवास स्टेशनवर संपत नाही, हेही विसरू नये. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले. तिकीट होते, अंगावर चांगले कपडे होते. तरी जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि दुप्पट भाडे कबूल करेपर्यंत गाडीवाला मिळेना. आगगाडीने पोचवले, पण पुढची वाट जातीने अडवली. आज वीरला उतरून महाडला जायला गाडीच्या वेळेला जोडून एसटी नसेल, तर रिक्षावाला मागेल तो दर द्यावा लागतो. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याची वाट आजही अडते.

फलाट मोकळा नाही, असे उत्तर मिळते. मग ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांसाठी मध्य रेल्वे दरवर्षी अनारक्षित विशेष गाड्या चालवते, त्यांना फलाट कुठून मिळतो? लाखोंचा जनसमुदाय दिसला की मिळतो. म्हणजे प्रश्न फलाटाचा नाही, आपण मोजले जातो की नाही याचा आहे.

म्हणून आमच्या मागण्या तीन. रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरहून सोडा. कोकणच्या प्रत्येक लांबच्या गाडीला पुरेसे जनरल डबे लावा. लहान स्टेशनांवर गाडीच्या वेळेला एसटी जोडा. विमानांचा तोटा भरायला पैसा निघतो, तर यासाठीही निघाला पाहिजे. ही मेहेरबानी नाही, नागरिक म्हणून आमचा हक्क आहे.

जय भीम!