पाय धरून उचलायचं नाही

मागच्या सेमिस्टरला एस.ओ.एम.च्या व्हायव्हात सरांनी विचारलं, "ब्रिटल मटेरियलचं उदाहरण?" मी म्हटलं, "कास्ट आयर्न." तेव्हा माझी भाची जन्मायची होती.

ताईला अठ्ठाविसाव्या आठवड्यातच मुलगी झाली. वजन ९५० ग्रॅम! एन.आय.सी.यू.च्या काचेबाहेर आम्हाला काळजी फक्त श्वासाची. हाडांचा विचार कोणाच्या डोक्यात येणार? पण पाचव्या आठवड्यात रिपोर्ट आला. फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, हाडं इतकी कच्ची आहेत की डायपर बदलतानाही मोडू शकतात.

कारण ऐकून मी गारच पडले. बाळाच्या हाडांतलं सुमारे ८० टक्के कॅल्शियम आणि फॉस्फरस शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून येतं. ही बया त्याआधीच बाहेर! शिवाय पोटात बाळ लाथा मारतं ते उगाच नाही. भिंतीवर पाय रेटला की हाडावर लोड येतो, आणि लोड आला की हाड मजबूत होतं. वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने हाड आणि लोडचं हे नातं १८९२ मध्येच मांडलं होतं. इन्क्युबेटरमध्ये लाथ मारायला ती भिंतच नसते.

ताईच्या दुधात फॉर्टिफायरची पावडर सुरू झाली. "माझं दूध कमी पडतं का गं?" तिने विचारलं. दूध चांगलंच आहे, फक्त एवढ्याशा बाळाला लागणारं कॅल्शियम-फॉस्फरस त्यात पुरेसं नसतं, हे डॉक्टरांनी दोनदा समजावलं. तरी ती रात्रभर रडली. मला काही बोलता आलं नाही. (हा विषय आमच्या सिलॅबसमध्ये नाही.)

खरं इंजिनिअरिंग पाहिलं ते सिस्टरकडे. घोटे धरून पाय वर उचलायचे नाहीत, मांडीच्या हाडाला बेंडिंग होतं. हळूच कुशीवर वळवून डायपर सरकवायचा. काखेत धरून उचलायचं नाही, तळव्यांवर सगळं अंग तोलायचं. सुई लावतानाही हात ओढून धरायचा नाही. आमच्या आजीला हे पटेना. तिने सहा नातवंडं घोटे धरूनच वाढवली!

ताईला ताप आला त्या दिवशी कांगारू केअरला मला बसवलं. छातीवर ती, वर चादर. थोड्या वेळाने तिने एक पाय माझ्या बरगडीवर रेटला. मी घाबरून विचारलं, "सिस्टर, चालेल ना?"

"मारू दे तिला, तिच्या जोराने. तू फक्त पाय धरू नकोस."

तासभर मी हललेच नाही. पाठीला रग लागली. आता ती १४०० ग्रॅम आहे. पुढचा रिपोर्ट सोमवारी.