पाच गावं आणि चार गुडघे

पांडवांनी शेवटी पाचच गावं मागितली होती. दुर्योधनानं तीही दिली नाहीत आणि पुढं काय झालं ते आपण सगळे जाणतोच. आमच्या सौभाग्यवतींनीही गेल्या वर्षी पाचच गावं मागितली. फरक एवढाच, की ती इटलीत निघाली. मी दुर्योधन नसल्यामुळे (आणि समोर कोण आहे याची पूर्ण कल्पना असल्यामुळे) युद्ध टाळलं.

या गावांचं नावच मुळी 'चिंक्वे तेर्रे', म्हणजे पाच भूमी. लिगुरियाच्या किनाऱ्यावर डोंगर जिथं थेट समुद्रात उतरतो, तिथं मोंतेरोस्सो, व्हर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे अशी पाच गावं कड्याला धरून बसली आहेत. त्यांना जोडतात त्या पायवाटा, आणि बोगद्याबोगद्यांतून धावणारी रेल्वे. १९९७ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा ठरवलं. हिनं ती टीव्हीवर पाहिली आणि आमचा वारसाहक्क तिथं असल्यासारखी हट्टाला पेटली.

"चालायचं आणि खायचं. बाकी काही नाही," हिनं कार्यक्रम जाहीर केला.

खाण्याला माझी हरकत नव्हती. चालण्याला होती. मी बँकेतला कारकून. काऊंटर ते चहाची टपरी यापलीकडे माझ्या गुडघ्यांना बदलीचा अनुभव नाही.

"आणि पैसे?" मी ठेवणीतला प्रश्न काढला.

"मी देते. कुठून ते विचारू नका."

साधं बचत खातं उघडायचं तरी आम्ही माणसाकडे चार कागद मागतो. त्या माझ्यासारख्याला 'कुठून ते विचारू नका' म्हणजे झोपेचं खोबरं! रात्री हळूच उठून मी कपाट उघडलं. सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या जागेवर होत्या. मग तर काळजी जास्तच वाढली.

इथं एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरखर्चाची वही मी लिहितो आणि लग्न झाल्यापासून ती एकदाही जुळलेली नाही. बँकेत कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला तर दिवेलागणीपर्यंत बसून शोधणारा मी, घरी दर महिन्याला हरतो. सुरुवातीला दीड-दोनशेचा फरक यायचा. पगार वाढला तसा फरकही इमानानं वाढत गेला. "भाजीवाल्याकडे सुटे राहिले असतील," ही म्हणायची. वीस वर्षांत त्या सुट्यांवर भाजीवाल्यानं माडी चढवली असणार, अशी माझी समजूत होती.

असो. आम्ही ला स्पेत्सिया या शहरात मुक्काम ठोकला. पहिल्याच दिवशी कळलं, की इथल्या डोंगरवाटांवर चपला घालून जायला बंदी आहे आणि दंड पन्नास युरोपासून अडीच हजार युरोंपर्यंत! अडीच हजार युरो म्हणजे दोन लाखांच्या वर रुपये. मी कोल्हापुरी चपला पिशवीत घातल्या, पिशवी बॅगेत घातली, बॅगेला कुलूप लावलं आणि भाच्यानं दिलेले बूट चढवले. गाडीच्या तिकिटावर चढण्यापूर्वी यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो, हे मात्र आवडलं. शिक्का नसलेल्या कागदावर माझाही विश्वास नाही.

मोंतेरोस्सो ते व्हर्नात्सा ही वाट जेमतेम साडेतीन किलोमीटरची. माहितीपुस्तकात दोन तास लिहिले होते. आम्हाला साडेतीन लागले. पुस्तक लिहिणाऱ्याला गुडघे नसावेत. वाट इतकी अरुंद, की एकानं पुढं आणि एकानं मागं चालायचं. वीस वर्षं रस्त्यात मी पुढं आणि ही पिशव्या घेऊन मागं. इथं पहिल्याच चढाला क्रम बदलला. ही पुढं जाऊन प्रत्येक वळणावर थांबायची आणि मी आलो की काही न बोलता पाण्याची बाटली पुढं करायची.

न बोलता, हे मुद्दाम लिहिलं. कारण पहिल्या तासात आमचे विषय संपले. मुलगी हॉस्टेलवर नीट जेवत असेल का, गॅस बंद केला होता का, सोसायटीच्या टाकीचं काय झालं... पुढं काय? आठवून बघितलं, तर फक्त दोघं असे आम्ही लग्नानंतरच्या महाबळेश्वरनंतर कुठं गेलोच नव्हतो. प्रत्येक सहलीत आई, सासूबाई, नाहीतर भाचरं. समोर निळाशार समुद्र आणि मी बायकोशी काय बोलावं याचा विचार करत होतो. जरा भीतीच वाटली.

अब्रू राखली ती दगडांनी. या डोंगरांच्या उतारांवर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आहेत. द्राक्षं, ऑलिव्ह, लिंबं. त्यांना आधार चुना-सिमेंट न वापरता नुसत्या रचलेल्या दगडांचा.

"अहो, हा तर गडगा!" ही ओरडली.

आम्ही दोघंही कोकणातले. गडगा बघून माहेर भेटल्यासारखं झालं. आमच्याकडे गडगा पडला की भावकीत भांडण होतं. इथं गडगे पडले की डोंगर खाली येतो. माणसं शेती सोडून गेली, गडगे ढासळत गेले. २०११च्या ऑक्टोबरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, तेव्हा व्हर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखल-दगडांखाली गेली होती.

"एक दगड निसटला की तेव्हाच बसवायला हवा," ही म्हणाली.

ती भिंतीबद्दल बोलत होती की आणखी कशाबद्दल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पण बोलणं सुरू झालं, ते व्हर्नात्सा येईपर्यंत थांबलं नाही.

जेवायला बसल्यावर तर हिला कंठच फुटला. पेस्तो म्हणजे सब्जाची पानं, चिलगोजे, लसूण, चीज आणि ऑलिव्हचं तेल खलात घालून केलेली चटणी. ती ज्यात कालवतात ती 'त्रोफिए' हातानं वळलेली. "हे आमच्या आईचे बोटवे!" हिनं निकाल दिला. डाळीच्या पिठाची फारिनाता समोर आली, तर "धिरडंच की हो." मोंतेरोस्सोची प्रसिद्ध अँचोवी ही मांदेलीची सख्खी चुलत बहीण निघाली. मग बिल आलं. त्यात ताट-काटे मांडल्याबद्दल माणशी अडीच युरो वेगळे लावले होते. 'कोपेर्तो' म्हणतात त्याला.

ही शांतपणे म्हणाली, "मी वीस वर्षं ताटं मांडतेय. हिशेब करून ठेवा."

मी गुणाकार करायला घेतला होता, पण आकडा बघून सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी कोर्निल्या. पाचांतलं हे एकच गाव समुद्राला लागून नाही. शंभरेक मीटर उंच कड्यावर बसलंय. स्टेशन खाली, गाव वर आणि मध्ये तेहतीस टप्प्यांच्या विटांच्या पायऱ्या. वर जाणारी छोटी बस आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. मी मोजत चढलो. पुस्तकात ३८२ लिहिल्या होत्या. वर पोचून कठड्यावर बसलो, धाप आवरली आणि म्हटलं, "तीनशे एक्याऐंशीच भरल्या. एकीचा फरक येतोय."

"माझ्याकडे असेल," ही म्हणाली. "तुमचे सगळे फरक माझ्याकडेच असतात."

मी बघतच राहिलो.

"दर महिन्याचे. पोस्टात रिकरिंग होतं. तुमच्या बँकेत ठेवलं असतं तर पहिल्याच हप्त्याला सापडले असते. एकदा तरी दोघांनीच कुठंतरी जायचं होतं हो. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही ते घराच्या कर्जात भरले असते."

भरले असते. खोटं कशाला बोलू?

आम्हा कॉमर्सवाल्यांना अकरावीतच शिकवतात, की लुका पाचोली या इटालियन साधूनं १४९४ साली ग्रंथ छापून दुहेरी नोंदीची पद्धत मांडली. प्रत्येक नावेला कुठंतरी जमा असलीच पाहिजे. बी.कॉम. होऊन मी ती जमा वीस वर्षं भाजीवाल्याकडे शोधत होतो. ती समजायला मला पाचोलीच्याच देशात पावणेचारशे पायऱ्या चढाव्या लागल्या.

शेवटच्या दिवशी रिओमाज्जोरे ते मानारोला. या वाटेचं नावच 'प्रेममार्ग'. दोन्ही गावांतली तरुण मंडळी पूर्वी इथं चोरून भेटत, म्हणून. २०१२ साली तिच्यावर दरड कोसळली आणि दुरुस्ती होऊन ती उघडायला २०२४ उजाडलं. आता आत जायला वेगळं तिकीट, ठरलेली वेळ आणि फक्त एकाच दिशेनं जायचं, मागं फिरायचं नाही. प्रेमाचे नियम इतके स्वच्छ लिहिलेले मी प्रथमच पाहिले. वाट जेमतेम किलोमीटरभर आणि सपाट. माझी धाप लागण्याची सबबही चालणार नव्हती.

"हात धरा," ही म्हणाली. "इथं शाखेतलं कोणी नाही."

धरला. आम्ही शेजारी-शेजारी चालत गेलो.

रात्री सवयीनं हिशेब लिहायला बसलो, तर साडेतीन युरोंचा फरक आला. मी तो शोधला नाही, वही मिटून ठेवली. तो कुठं जमा होतोय ते आता मला ठाऊक आहे. पुढच्या वेळी कुठं जायचं, एवढंच काय ते हिनं अजून सांगितलेलं नाही.