एस्पोसितो: टाकलेल्या मुलांचे आडनाव

नेपल्समध्ये सर्वांत जास्त आढळणारे आडनाव एस्पोसितो. ते कोणत्याही गावावरून आले नाही, धंद्यावरून नाही, कुणा पराक्रमी पूर्वजावरूनही नाही. लॅटिन ‘एक्सपोझितुस’, म्हणजे उघड्यावर ठेवलेला, यावरून ते आले. आईवडिलांनी सोडून दिलेल्या तान्ह्या मुलांना हे नाव मिळत असे.

नेपल्सच्या आनुंत्सियाता या धर्मसंस्थेत अशी मुले शतकानुशतके वाढली. तिच्या भिंतीत एक फिरते लाकडी पिंप बसवलेले होते. त्याला ‘रुओता’, म्हणजे चाक, म्हणत. रात्रीच्या अंधारात बाहेरून मूल त्यात ठेवायचे, पिंप फिरवायचे, की ते आतल्या हातांत पोहोचे. ठेवणारीचा चेहरा आतल्यांना दिसत नसे. गरिबी, दुष्काळ, लग्नाआधीचे मातृत्व, कारणे अनेक. चाकाने एकही विचारले नाही. आत मुलाला न्हाऊ घालीत, त्याच्या अंगावरचे कपडे आणि खुणा वहीत टिपून घेत, गळ्यात शिशाची मुद्रा अडकवीत. आई कधीतरी परत येईल, ही आशा त्या नोंदींमागे होती. या मुलांना ‘मादोन्नाची’, म्हणजे मरियामातेची, ‘लेकरे’ म्हणत. त्या नावातली माया खरी होती. पण मोठेपणी आडनाव सांगताच जन्माची कहाणी जगापुढे उघडी पडे, हेही तितकेच खरे.

इतर शहरांनी आपापली नावे दिली. मिलानच्या इस्पितळाचे चिन्ह कबुतर, म्हणून तिथली मुले कोलोंबो झाली. फ्लोरेन्समध्ये इन्नोचेंती म्हणजे निष्पाप, रोमकडे प्रोयेत्ती म्हणजे टाकून दिलेले, सिसिलीत त्रोवातो म्हणजे सापडलेला. या सर्वांत फ्लोरेन्सची निवड अधिक सहृदय म्हणावी लागेल.

नेपल्सवर १८०८ ते १८१५ राज्य करणाऱ्या जोआकिम म्यूराने एस्पोसितो हे नाव देण्याची पद्धत बंद केली. पुढे चाकही १८७५ मध्ये थांबले. तोवर एस्पोसितो घराघरांत रुजले होते. आडनाव बापाकडून चालत असल्याने मुलींच्या वाटचे एस्पोसितो बहुधा लग्नापुढे टिकले नाही. आजचा विस्तार मुख्यतः मुलग्यांच्या वंशांचा आहे. आणि हे वंश एका मुळाचे नाहीत. एकाच गल्लीतल्या दोन एस्पोसितो घरांत रक्ताचे नाते असेलच असे नाही. प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या रात्रीची.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतून लाखो लोक अमेरिका खंडांकडे निघाले, त्यांच्याबरोबर हे नावही गेले. कॅनडात फिल आणि टोनी एस्पोसितो हे भाऊ आइस हॉकीत नामवंत झाले. अमेरिकी अभिनेता जियानकार्लो एस्पोसितोचे वडील नेपल्सचे.

एखाद्या एस्पोसितो कुळाचा मागोवा घेणाऱ्याची वाट अनेकदा त्या चाकापाशीच संपते. त्याने चर्चच्या नोंदींबरोबर आनुंत्सियाताच्या जुन्या वह्याही जरूर उघडाव्यात. तिथे आईचे नाव बहुधा सापडणार नाही. पण मूल आले त्या दिवशी अंगावर कोणते कापड होते, ते कदाचित सापडेल.